जेवताना येणारा घाम

18 नोव्हेंबर, नवेगाव बांध
मंडईच्या जत्रेचे दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं. पंगतीत धाकट्या भावाच्या उजव्या कानापुढून घाम ओघळू लागला, तेवढाच गाल लाल झाला. मामाजींनी विचारलं, "का गा, तिखट लागला का?" ताटात नुसता वरणभात होता. दुपट्ट्याने गाल पुसत तो उठला, पुन्हा पंगतीत बसला नाही. मार्चमध्ये मोटारसायकल घसरून त्याचं जबड्याचं हाड कानाजवळ मोडलं होतं. तिथेच चीर देऊन प्लेट बसवली. तोंड नीट उघडू लागलं, आम्ही निश्चिंत झालो.

21 नोव्हेंबर
आई म्हणते नजर लागली, काका म्हणतात अशक्तपणा. मला पटत नाही. अशक्तपणाचा घाम एकाच गालावर कसा येईल? ढिवरांकडून बांधातले ताजे मासे आणले होते. त्याने आपलं ताट आतल्या खोलीत नेलं. बरेच दिवस तो असाच एकटा जेवतो, हे आज लक्षात आलं आणि जीव तुटला.

27 नोव्हेंबर, नागपूर
डॉक्टरांनी गालावर आयोडीन लावलं, वाळू दिलं, वरून स्टार्चची पूड भुरभुरली आणि लिंबाची फोड चोखायला दिली. कानापुढे आधी सुईच्या टोकाएवढे काळसर ठिपके उमटले, मग ते एकमेकांत मिसळून निळाकाळा डाग झाला. घाम कुठे येतो त्याचा नकाशाच. धाकटा आरशात बघतच राहिला.

याला फ्रे सिंड्रोम म्हणतात. कानापुढच्या एका नसेतून लाळग्रंथीला लाळ सोडण्याचा निरोप जातो. मार लागून किंवा शस्त्रक्रियेत तिचे तंतू तुटतात. काही महिन्यांनी ते पुन्हा वाढतात, पण वाट चुकून कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन भिडतात. दोन्हीकडे निरोप्या रसायन एकच, ॲसिटिलकोलीन. म्हणून घास तोंडात गेला की गालाला घाम फुटतो. जिवाला धोका नाही. घाम रोखणारं मलम आहे; त्रास फार असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं, त्यांचा गुण काही महिने टिकतो.

28 नोव्हेंबर
लुसिया फ्रे ही पोलंडची मेंदूविकारतज्ज्ञ. जबड्याला गोळी लागलेल्या सैनिकाचा असाच घाम पाहून 1923 मध्ये तिने नेमकी नस दाखवून दिली. ज्यू होती, नाझींनी तिला ल्वूव्हच्या घेट्टोत कोंडलं, तिथून ती परतली नाही.

कानाजवळच्या लाळग्रंथीची गाठ काढल्यावर तर हा त्रास बऱ्याच जणांना होतो. आमच्याकडे तंबाखूच्या खर्र्यापायी जबड्यावर, गळ्यावर शस्त्रक्रिया झालेली माणसं गावोगाव आहेत. कानापुढे चीर द्यायची असेल, तर संमतीच्या कागदावर सही घेतानाच हे एक वाक्य सांगायला हवं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

3 डिसेंबर
मलम सुरू केलंय. आज मामाजी आले तेव्हा धाकटा त्यांच्याशेजारी जेवायला बसला. घाम आलाच. "तिखट नाही मामाजी, नस चुकली," म्हणाला आणि भात वाढून घेतला. अर्जुनी मोरगावच्या एका मुलाचीही अशीच शस्त्रक्रिया झाली आहे. त्याच्यासाठी आजाराचं नाव आणि ती आयोडीनची तपासणी चिठ्ठीवर लिहून दे, असं धाकटा मला सांगून गेला.