आधी 'फँड्री' बघ

गेल्या शनिवारी कसाऱ्याला घरी गेलो होतो. लोकलचं शेवटचं स्टेशन असल्याचं एक सुख आहे, कितीही गाढ झोप लागली तरी उतरायचं चुकत नाही. घरात शिरलो तर पुतण्या मोबाईलला चिकटलेला. वय वर्षं सतरा. 'सैराट' चौथ्यांदा चालू होता!

"काका, नागराज मंजुळे म्हणजे एक नंबर माणूस! 'झुंड' पण बघितला मी. अजून काय आहे रे त्याचं?"

असं कुणी विचारलं की माझ्यातला मास्तर जागा होतो. म्हटलं, बाबा रे, तू उलटीकडून सुरुवात केलीयस. 'सैराट' आला २०१६ साली. त्याआधी 'फँड्री', तो थिएटरात लागला फेब्रुवारी २०१४ मध्ये. आणि त्याच्याही आधी 'पिस्तुल्या', जेमतेम पंधरा मिनिटांची फिल्म.

"झिंगाटसारखं गाणं आहे का?"

"नाही."

पोराचं तोंड पडलं. मग मी हुकमाचं पान काढलं. अर्चीचा भाऊ प्रिन्स आठवतो? वर्गात मास्तरांच्या कानाखाली वाजवणारा आणि शेवटी घरी येणारा? तो सूरज पवार. 'पिस्तुल्या'मध्ये शाळेत जायची आस लागलेलं पोर तोच. 'फँड्री'त जब्याचा दोस्त पिऱ्याही तोच. एकाच चेहऱ्याला दिग्दर्शकाने कुठून कुठे नेलंय ते बघ, मग 'सैराट' पाचव्यांदा बघ. वेगळा दिसेल.

झालं, रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉपवर 'फँड्री' लावला. बाहेर घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिनं लागत होती, त्यांचा खडखडाट चालूच. पहिला अर्धा तास पुतण्या चुळबुळत होता. पण डुक्कर पकडायचा प्रसंग आला आणि गप्प झाला. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, डुक्कर समोर, आणि जब्याचं अख्खं घर जागच्या जागी ताठ उभं! भोवती गावातली पोरं फिदीफिदी हसतायत, शालूसुद्धा हसतेय. (ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्या.)

शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो दगड थेट कॅमेऱ्यावर येतो आणि पडदा काळा होतो.

"काका, दगड आपल्याला का मारला?"

आता काय सांगणार? सिनेमा मी सुचवला होता, उत्तर मलाच द्यावं लागणार होतं.

आमच्या वर्गात कातकरी वाडीवरचा एक मुलगा होता. पावसाळ्यात आईबरोबर स्टेशनबाहेर खेकडे विकायला बसायचा. आम्ही त्याला 'खेकड्या' म्हणायचो. आम्ही म्हणजे मीसुद्धा, आणि चांगला मोठ्याने. दिवाळीनंतर त्याचं घर वीटभट्टीवर गेलं, तो काही वर्गात परत आला नाही. भट्टीमुळे त्याची शाळा सुटली, असंच मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. ते खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. 'फँड्री' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी जब्याच्या बाजूने रडलो होतो. त्या हसणाऱ्या पोरांत आपण उभे होतो, हे घरी परतताना लोकलमध्ये लक्षात आलं.

हे सगळं पुतण्याला सांगितलं. घरात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तो काही बोलला नाही. मला वाटलं, संपलं, आता हा माझ्याकडून सिनेमाचं नाव विचारणार नाही.

रविवारी संध्याकाळी मला सोडायला स्टेशनवर आला. लोकल लागलेलीच होती. खिडकीशी उभा राहून म्हणाला, "'पिस्तुल्या' उद्या बघतो."

मग जरा थांबून म्हणाला, "काका, तो कुठे असतो रे आता?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.