रिपोर्ट नॉर्मल आहे!

मराठी भाषेने डोक्याचे जेवढे लाड केले आहेत तेवढे दुसऱ्या कोणत्या अवयवाचे केले नसतील. आपण डोके लढवतो, डोके खातो, डोक्यावर बसतो. एखाद्याच्या डोक्यात हवा जाते, तर एखादा डोक्याला हात लावून बसतो. या सगळ्या लाडांत एका शब्दाची मात्र दैना झाली आहे, तो शब्द म्हणजे ‘डोकेदुखी’. गळका नळ ही डोकेदुखी, उशिरा येणारी एस. टी. ही डोकेदुखी, शेजारचा लाउडस्पीकर ही डोकेदुखी! त्यामुळे एखादी मुलगी खरोखरच डोके धरून बसली तर ऐकणाऱ्याला त्यात विशेष काही वाटत नाही. “जरा पड, थांबेल,” एवढे म्हणून तो आपल्या कामाला लागतो.

माझे डोके दीड वर्ष थांबलेले नाही. त्याचीच ही हकिगत.

आम्ही इचलकरंजीचे. आण्णा यंत्रमागावर कामाला आहेत. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, बारा-बारा तासांची. आई कांड्या भरते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. प्रथम वर्षाला प्रवेश घेतला त्याच पावसाळ्यात, एका दुपारच्या तासाला, फळा हलू लागला. आधी मला वाटले भूकंपच झाला. पण शेजारच्या मुली शांतपणे लिहून घेत होत्या. धोटा जसा मागात इकडून तिकडे धावतो तसा सगळा वर्ग माझ्या डोळ्यांपुढे धावत होता. मी बाक घट्ट धरला. थोड्या वेळाने वर्ग जागेवर आला. पण कानशिलामागे ठणका सुरू झाला तो रात्रीपर्यंत. खिडकीतला उजेड सोसेना, घरातली फोडणी सोसेना. आणि ज्या मागांच्या खडखडाटात मी लहानपणी पाळण्यात झोपले, तो खडखडाटही सोसेना!

पुढे हे नेहमीचेच झाले. कधी आधी चक्कर, मग डोके. कधी दोन्ही एकदम. कधी नुसतीच चक्कर. महिन्यातले दहा-बारा दिवस तरी असे जात.

उपचार घरापासूनच सुरू झाले. आज्जीने पहिल्या आठवड्यात सांगून टाकले, “ही अर्धशिशी हाय.” तिने सुंठ उगाळून कपाळाला लेप दिला. मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला घातली. (या एका औषधाबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही!) पण अर्धशिशीत अर्धे डोके दुखते, माझे तर कधी उजवे, कधी डावे, कधी सगळेच, शिवाय ही चक्कर कुठली? म्हणून आज्जीचे निदान आम्ही ‘जुन्या माणसांचे काहीतरी’ म्हणून बाजूला ठेवले.

मग दवाखाने. पहिल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावले. दुसऱ्यांनी रक्त तपासले; हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले, लोहाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांनी पित्त सांगितले. चष्म्याच्या दुकानात बारीकसा नंबर निघाला, म्हणून चष्मा आला. कुणी मानेची नस दबली असेल म्हणून पट्टा दिला. तो घालून मी कॉलेजात आले तेव्हा मैत्रिणींनी मला आठवडाभर ‘ताठ मानेची’ म्हटले. कानाच्या डॉक्टरांनी झटकन आडवे पाडून, मान वळवून माझे डोळे निरखले आणि कानात काही दोष दिसत नाही म्हणाले. शेवटी एका डॉक्टरांनी कागद न बघताच हसून विचारले, “अभ्यासाचं टेन्शन घेतेस का?”

सगळे रिपोर्ट आई कापडाच्या दुकानातल्या एका पिशवीत ठेवी. पिशवी फुगत चालली आणि तिच्यातला प्रत्येक कागद एकच सांगत होता: नॉर्मल.

मधल्या काळात मी माझा एक उपाय शोधला होता. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी डोकेदुखीची साधी गोळी. तास चुकू नये म्हणून एक, अभ्यास व्हावा म्हणून एक. पुढे पुढे रोजच.

शरीराचे दुखणे एक वेळ सोसता येते, पण त्याचा लोकांनी लावलेला अर्थ सोसत नाही. परीक्षा जवळ आली की माझा त्रास वाढे. एक मैत्रीण सगळ्यांदेखत म्हणाली, “हिचं डोकं वेळापत्रक बघून दुखतं!” सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन मात्र मनात आले, खरेच तसे असेल का? मी सोंग तर करत नाही ना? ज्याचे दुखते त्यालाच आपल्या दुखण्याचा संशय यावा, यापरते वाईट काय असेल?

आणि आज्जीने तर दुसरेच कारण काढले. “आपल्या घराण्यात कुणी बुकाला हात लावला न्हाई. त्या डोक्याला सवय न्हाई, मग दुखंल न्हाई तर काय हुईल?” आज्जी हे रागाने म्हणत नव्हती. कधी न उचललेले ओझे एकदम उचलले की पाठ धरते, तसे तिचे साधे गणित होते. पण त्या गणिताचे उत्तर घरात हळूहळू सगळ्यांना पटू लागले. एके रात्री मी झोपले आहे असे समजून आण्णा आईला म्हणाले, “सोसत नसंल तर बंद करूया कालिज. पोरीच्या जिवापरीस काय जास्त हाय?” आई काही बोलली नाही. मी पांघरुणात गच्च डोळे मिटून पडून राहिले. आण्णांच्या प्रेमाचीच मला त्या रात्री भीती वाटली.

आमच्या भागात दुखणे मोठे झाले की माणसे मिरजेची एस. टी. धरतात. गेल्या मे महिन्यात आम्हीही धरली. एम. आर. आय. करायचे ठरले. आण्णांनी मागमालकाकडून सहा हजारांची उचल घेतली. त्या पांढऱ्या बोगद्यात मला सरकवले, कानांत बोळे घातले, हलायचे नाही म्हणून बजावले. आणि यंत्र सुरू झाले. खट् खट् खट् खट्! बाहेर आल्यावर तिथल्या बाईंनी विचारले, “आवाजाची भीती वाटली का?” मी म्हटले, “नाही, आमच्या गल्लीसारखाच आहे.”

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळाला. मेंदूत काही दोष नाही. नॉर्मल! आण्णांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी स्टँडसमोरच्या मारुतीला नारळ फोडला, खोबरे माझ्या हातावर ठेवले. आणि मी काय केले? स्टँडवरच्या संडासात जाऊन रडले. आनंदाने नव्हे. खरे सांगायला आज लाज वाटते, पण त्या चित्रात कुठेतरी एखादा ठिपका निघावा असे मला मनापासून वाटत होते. ठिपका निघाला असता तर माझे दुखणे खरे ठरले असते. आता उचल फेडायची राहिली, आणि दुखणे पुन्हा माझ्या शब्दावर आले!

तो रिपोर्ट दाखवायला जूनमध्ये पुन्हा मिरजेला गेलो. या खेपेला आईही बरोबर होती. मेंदूविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात एक तरुण डॉक्टर बाई बसल्या होत्या. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “कागद मी नंतर बघते. आधी तू सांग.” दीड वर्षात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. चक्कर किती वेळ टिकते? उजेड नको वाटतो का? आवाज? ओकारी येते का? अंधारात पडावेसे वाटते का? पाळीच्या आधी वाढते का? उपवासाच्या दिवशी? जागरणानंतर? प्रत्येक प्रश्नाला मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, यांना हे कसे कळले?

मग त्यांनी विचारले, “घरात आणखी कुणाचं डोकं असं दुखतं का?”

“न्हाई,” आण्णा लगेच म्हणाले. “आमच्यात कुणाचं न्हाई.”

जरा वेळाने आई खाली बघत म्हणाली, “माझं दुखतंय की. लगीन व्हायच्या आधीपास्नं.”

आम्ही दोघेही तिच्याकडे बघत राहिलो. आई डोक्याला फडके आवळून बांधते हे मला लहानपणापासून माहीत होते. कांड्यांच्या तुसापासून केस जपायला ती बांधत असेल, असेच मी समजत होते! डॉक्टर बाईंनी विचारले, “मग कधी सांगितलं नाही?” आई म्हणाली, “नवी सून हुते. दुखणेकरी पोर गळ्यात मारली म्हणतील म्हणून गप बसले. मग पोरं झाली, काम वाढलं. आणि डोकं दुखणं म्हंजे काय दुखणं हाय व्हय?”

डॉक्टर बाईंनी कागदावर नाव लिहिले: व्हेस्टिब्युलर मायग्रेन. म्हणजे चक्कर घेऊन येणारी अर्धशिशी. दीड वर्ष फिरून आम्ही आज्जीच्या शब्दाजवळच आलो होतो! त्या म्हणाल्या, मायग्रेन रक्तात सापडत नाही आणि चित्रातही दिसत नाही. मेंदूची घडण ठीक असते, कामाची तऱ्हा वेगळी असते. तो पुष्कळदा घराण्यातून येतो. झोप मोडली, जेवण चुकले, उपवास घडला की उसळतो. परीक्षेत तो वाढायचा तो याचमुळे. आणि त्या रोजच्या गोळ्या? महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस अशा साध्या गोळ्या तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते! म्हणजे आगीत मी स्वतःच तेल ओतत होते.

घरी आल्यावर मी या नावाचा पिच्छा पुरवला. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांतला द्रव हलला की डोके कुठे वळले हे मेंदूला समजते. कानात थंड किंवा गरम पाणी सोडले की चक्कर का येते, याचा छडा व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी लावला. त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याची वार्ता आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. त्यांच्याच नावाच्या बारानी सोसायटीने आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्थेबरोबर माझ्या आजाराच्या कसोट्या ठरवल्या, त्या २०१२ साली. चक्कर किमान पाच वेळा आलेली असावी, ती पाच मिनिटांपासून बहात्तर तासांपर्यंत टिकावी, मायग्रेन आधी होऊन गेलेला किंवा चालू असावा, निम्म्या वेळा तरी मायग्रेनची लक्षणे सोबत असावीत आणि दुसऱ्या आजाराने तिचा उलगडा होत नसावा. या सगळ्या कसोट्या रुग्णाच्या बोलण्यावर उभ्या आहेत. ऐकून घेणे हीच इथली मुख्य तपासणी. आणि ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थही मला तेव्हा कळला. नॉर्मल म्हणजे ‘काही झालेले नाही’ असे नव्हे; जे शोधत होतो ‘ते नाही’, एवढेच. आण्णांचे सहा हजार वाया गेले नव्हते.

मी बरी झाले असे कुणी समजू नये. रोजच्या गोळ्या सोडल्यावर पहिले दोन आठवडे तर भयंकर गेले. आता रात्री एक औषध घेते, वेळेवर जेवते, वेळेवर झोपते, उपवास सोडले आहेत. (देवाला मी समजावले, आज्जीला समजावणे अवघड गेले.) दहा-बारा दिवसांचे आता तीन-चार दिवस झाले आहेत. तेवढ्यात अभ्यास होतो. कॉलेज बंद करण्याचे पुन्हा कुणी बोलले नाही.

डॉक्टर बाईंनी दुखण्याची नोंद ठेवायला सांगितली आहे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने फुली मारते. आई चौथी शिकलेली. तिला पेन हातात घ्यायचा संकोच. ती देवपूजा झाली की बोटाला लागलेले कुंकू त्या तारखेवर टेकवते. पहिल्या महिन्यात कॅलेंडरवर माझ्या फुल्यांपेक्षा कुंकवाचे ठिपके जास्त होते. ते बघून आण्णा बराच वेळ भिंतीपुढे उभे राहिले. पुढच्या खेपेला मिरजेला दोन केसपेपर काढले. एक माझा, एक आईचा.

हा लेख वार्षिकांकाला द्यावा की नाही, यावर आमच्या घरी दोन दिवस विचार चालला. “पोरीला बघायला येणारी माणसं हे वाचतील की,” आज्जी म्हणाली. तिचे चूक नव्हते. मी आईकडे पाहिले. आई कांड्या भरत होती. मान वर न करता म्हणाली, “लिही. मी सांगितलं न्हाई, त्यानं काय झालं ते बघितलंस न्हवं?”

म्हणून लिहिले. वर्गात एखादी मैत्रीण बाक धरून डोळे मिटून बसलेली दिसली, तर ती तास टाळते आहे असे लगेच ठरवू नका. सर आणि मॅडम, आपणही. जवळ जाऊन एवढेच विचारा, “काय होतंय?” आणि मग ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.