डावीकडे झुकणारी रेघ

व्ही गळ्याच्या दोन रेघा सारख्या येत नाहीत. समोरून पाहिलं तर आपल्या उजव्या हाताची रेघ स्वच्छ असते, टाक्यावर टाका नीट निजलेला. डाव्या हाताची मात्र दंतुर, मध्येच एखादा टाका फुगलेला. विणणाऱ्या बायकांना हे ठाऊक असतं आणि बहुतेकींनी त्याचा नाद सोडलेला असतो. मला तो सोडता आला नाही.

गळ्याला टाके कमी करत जायचे, ती घट; रेघ तिचीच पडते. उजवीकडे झुकणारी घट म्हणजे सरळ दोनाचा एक. सुई दोन्ही टाक्यांत एकदम शिरते, लोकर ओढून घेते, काम झालं. डावीकडे झुकवायचं तर एक टाका न विणता घ्यायचा, पुढचा विणायचा आणि घेतलेला त्याच्यावरून ओलांडायचा. ओलांडताना तो सुईच्या टोकावर ताणला जातो, शेजारच्या टाक्याची लोकर ओढून घेतो आणि मग ती परत देत नाही. त्या उसन्या लोकरीचा झोळ रेघेवर कायमचा दिसत राहतो.

यावरचे सगळे तोडगे मी करून पाहिले आहेत. दोन्ही टाके एकेक करून उचलायचे, परत डाव्या सुईवर घ्यायचे आणि मागच्या बाजूने एकत्र विणायचे, ही रीत अमेरिकेतल्या बार्बरा वॉकर यांनी रूढ केली. त्यांच्या नमुन्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ सालचा. या रीतीने रेघ सुधारते, पण जुळत नाही. दुसरा टाका उलट उचलला की आणखी थोडी सुधारते. उलटीकडच्या सुईवर तोच टाका पिळून विणला तर झोळ आवळला जातो, पण जवळून पाहिलं की पीळ दिसतो. घटीपुरती एक नंबर बारीक सुई घेऊन पाहिली. विणून झाल्यावर सुईच्या टोकाने एकेक टाका मागे सारत बसले. अस्सल लोकर असेल तर धुऊन, आकारात बसवून सुकवल्यावर बरंच काही झाकलं जातं. आमच्याकडे मिळतं ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक. ते पाण्याला दाद देत नाही आणि इस्त्रीच्या वाफेने मरून जातं. हिवाळ्यात भांडगावच्या शिवारात धनगरांचे वाडे बसतात, तेव्हा दख्खनी मेंढीची लोकर मागून आणून कातूनही पाहिली. घोंगडीला ती उत्तम. गळ्याशी मात्र अशी टोचते की रेघ कुणी बघायच्या आधीच स्वेटर उतरवावा.

‘आपल्याकडे थंडी असते कुठे एवढी?’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. पुण्याचा पारा जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंशावर उतरला होता, हे मी तसं म्हणणाऱ्यांना सांगते. आणि नोंदी कशाला बघायच्या? पाळीची वीज रात्रीची आली की उसाला दारं धरायला जाणाऱ्या माणसाला विचारावं. गुडघाभर गार पाणी, पहाटेचा वारा, आणि अंगात पातळ जर्किन. छातीला ऊब हवी, हात मोकळे हवेत. त्याच्यासाठी हाफ स्वेटरसारखं दुसरं वस्त्र नाही. म्हणून मी तोच विणत आले. पुलोव्हर, शाली, बाळंतविडा हे सगळं होतं, पण मन हाफ स्वेटरच्या गळ्यात अडकलेलं.

मन अडकलं होतं त्यात अहंकारही होता, आणि तो थोडा नव्हता. यवतच्या बाजारात एखाद्याच्या अंगावर माझा स्वेटर दिसला की मी रस्ता बदलून त्याच्या समोर येत असे. लग्नात ओळखपाळख नसलेल्या बाईशी बोलताना माझे डोळे तिच्या नवऱ्याच्या गळ्यावर असत. डावी रेघ माझ्याइतकी सरळ कुणाचीच नाही, याची खात्री करून घेतल्याशिवाय जेवण गोड लागत नसे. मला विणकाम शिकवणाऱ्या बाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या. पंडिता रमाबाईंनी उभं केलेलं ते घर. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींच्या हाताला तिथे काम मिळालं. तिथल्या छापखान्यात बायबलचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम बायकांनी केलं. त्या बाई म्हणत, हात खोटं बोलत नाही. मी त्याचा सोयीचा अर्थ काढला होता. रेघ वाकडी म्हणजे हात कच्चा, आणि माझी इतरांपेक्षा सरळ म्हणजे माझा हात पक्का.

मग दिवाळीनंतर शेजारची नववीतली मुलगी आली. ‘आज्जी, मला शिकवा.’ तिच्या मागोमाग तिची आई आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, ‘ती डावरी आहे हो काकू, जमायचं नाही तिला.’

मी मुलींना शेजारी बसवून शिकवते. तिच्याबाबतीत ते चालेना. माझी लोकर उजवीकडून यायची, तिची डावीकडून. मी सुई घालून दाखवावी आणि तिने ती मनात उलटी करून घ्यावी, यात तिची दमछाक व्हायची. म्हणून मी समोर बसले. आरशात बघावं तसं माझ्याकडे बघ, एवढंच सांगितलं. आठवडा संपायच्या आत तिचा हात सुटला. तिचा हात घट्ट आहे, माझ्यापेक्षाही घट्ट.

उसाच्या फडांवर तेव्हा तोडणीच्या टोळ्या आल्या होत्या. पाचटाच्या कोप्यांतून पहाटे उघड्या डोक्याची पोरं बाहेर पडायची. दर हंगामात मी त्यांच्यासाठी टोप्या विणते, उरलेल्या लोकरीतून, रंगाला रंग जुळो न जुळो. तिलाही पहिलं काम टोपीचंच दिलं. टोपीच्या माथ्यावर सगळीकडे दोनाचा एक करायचा, तसा तिने केला. तयार टोपी तिने माझ्या हातात दिली आणि मी ती खिडकीत नेली.

माथ्यावरच्या सगळ्या रेघा डावीकडे झुकलेल्या होत्या. एकही टाका फुगलेला नव्हता. तिने काही विशेष केलं नव्हतं. ती डावीकडून उजवीकडे विणते, त्यामुळे तिचा साधा दोनाचा एक डावीकडे झुकतो. जी घट मी जन्मभर ताणून, पिळून, टोचून सरळ करत आले, ती तिला न मागता मिळाली होती. मी तिला ‘छान’ एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्याहून जास्त कौतुक तोंडातून निघालं नाही. मला तिचा मत्सर वाटला. नववीतल्या पोरीचा.

जानेवारीत आम्ही सगळे महाबळेश्वरला गेलो. साडेचार हजार फुटांवरची थंडी, वेण्णा तलावाकाठी पहाटे गवतावर गोठलेलं दव. घरची मंडळी स्ट्रॉबेरीवर तुटून पडली आणि मी बाजारपेठेत स्वेटरच्या गाड्याशी उभी राहिले. यंत्रावर विणलेल्या मालाबद्दल माझं मत चांगलं नाही. शिवणीला चार टाके धड नसतात, काठ दुसऱ्या हिवाळ्यात लोंबतो, एक धागा सुटला की दुरुस्त करायला जागा नाही. शिवाय आता मोबाईलवर बघून जाड लोकरीत रात्रीतून काहीतरी उरकायची चाल पडली आहे. त्यात टाका दिसतो मोठा, पण त्यात हात नसतो. यात मी मागे हटणार नाही. पण त्या गाड्यावर राखाडी रंगाचा एक व्ही गळा टांगलेला होता. बरा विणलेला. त्याच्या दोन्ही रेघा अगदी सारख्या. मी तो उलटा केला, काठ ताणला, प्रकाशात धरला. विक्रेता म्हणाला, ‘घ्यायचाय का, मावशी?’

उत्तर माझ्या हातात होतं. यंत्रावर टाका ओलांडत नाहीत. तो आपल्या आकड्यावरून उचलून शेजारच्या आकड्यावर ठेवतात, डावीकडे असो की उजवीकडे, ताण तेवढाच. म्हणजे दोष हाताचा नव्हता, ओलांडण्याचा होता. माझी रेघ इतरांपेक्षा सरळ यायची ती हात पक्का म्हणून नव्हे, मी तिच्यावर जास्त वेळ घालवायची म्हणून. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. परतीच्या वाटेवर पसरणीचा घाट उतरेपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

घरी आल्यावर पोरीला बोलावलं. तिचे वडील रात्री दारं धरायला जातात, त्यांच्यासाठी गडद निळा हाफ स्वेटर सुईवर होता, गळ्यापर्यंत आलेला. मधला टाका पिनेवर घेतला आणि पुढचा भाग दोघींत वाटला. समोरून उजवी बाजू माझी, डावी तिची. दोघींनी काठाचे दोन टाके सोडून फक्त दोनाचा एक करायचा.

पहिल्याच सुईला ती थांबली. ‘आज्जी, टाके पिळले जातायत.’ बरोबरच होतं. माझ्या सुईवरच्या टाक्याचा उजवा पाय पुढे असतो. तिला हवा असतो डावा. माझे टाके तिच्या दृष्टीने सगळे पाठमोरे बसलेले. ती पहिली सुई तिने प्रत्येक टाक्याच्या मागच्या पायातून विणली आणि पुढे तिची वाट मोकळी झाली. पुस्तकात कुठे वाचलेलं नव्हतं हे. आम्ही दोघींनी ओट्यावर बसून काढलं.

खांदे जोडायला घेतले तेव्हा तिची बाजू माझ्यापेक्षा बोटभर आखूड भरली, घट्ट हातामुळे. तिने चार सुया वाढवल्या. गळ्याची पट्टी मी घातली, ती तिने अजून शिकायची आहे.

तिचे वडील स्वेटर घालतात, पण वरून जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढलेली असते. गिरणीत भेटले तेव्हा मला राहवलं नाही. ‘जरा चेन उघडा बरं,’ म्हटलं. दळणाचा डबा खाली ठेवून त्यांनी उघडली. दोन्ही रेघा खांद्यापर्यंत सरळ गेल्या होत्या, एकीकडेही झोळ नव्हता. तरी उजेडात फरक दिसलाच. दोघींची घट तीच, लोकर तीच, सुई दहा नंबरची, आणि तिची रेघ माझ्यापेक्षा रेखीव. टाक्याला टाका चिकटून बसलेला. घट्ट हाताचंच ते काम असणार. पुढच्या गळ्याला मी अकरा नंबरची, एक नंबर बारीक सुई घेतली आहे.