धानोऱ्याला जाताय? मागची ट्यूब कुठली?

सायकलिंगचा किडा चावलेला पुण्या-मुंबईतला कुणीही गाठा, पाच मिनिटांत गप्पा ग्रॅमवर येतात. सीटपोस्ट कार्बनचा, पेडल्स हलकी, बाटलीचा स्टँडसुद्धा हलका. सगळं बदलून झालं की उरते ट्यूब. त्यातल्या त्यात खिशाला परवडणारं हे सायकलचं डाएट! पण हीच सडपातळ सायकल घेऊन नंदुरबारला उतरलात आणि हँडल धानोऱ्याकडे वळवलं, तर मागच्या चाकात काय असावं?

हे धानोरा गडचिरोलीतलं तालुक्याचं गाव नव्हे. हे नंदुरबार तालुक्यातलं, गुजरात सीमेच्या बाजूचं. जिल्हा १ जुलै १९९८ला धुळ्यापासून वेगळा झाला, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे, तरी वीकएंडच्या यादीत याचं नाव कुणी घेत नाही. बरंच आहे म्हणा! जायचं ते हिवाळ्यात. तेव्हा नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. जमीन दिसत नाही, नुसता लाल गालिचा. वारा तुमच्या दिशेनं फिरला की फोटो राहतो बाजूला आणि शिंकाच सुरू होतात.

याच दिवसांत सराटेही वाळलेले असतात. पावसाळ्यात रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचं हे रोप किती निरागस दिसतं! पाऊस संपला की त्याची फळं फुटून कडक, काटेरी तुकडे होतात आणि ते कसेही पडले तरी एक काटा आभाळाकडे रोखलेलाच. शिवाय बाभूळ आहे, शेताच्या कुंपणाला लावलेल्या काट्यांच्या फांद्या आहेत. त्या ओढून नेल्या की रस्त्यावर शिल्लक काय राहतं, हे टायरला आधी कळतं.

आता, मागचंच चाक का? साधी गोष्ट आहे. तुमच्या वजनाचा मोठा हिस्सा मागे असतो. कॅरियरवर बॅग टाकली की आणखी. भर पुढचं चाक आडवा पडलेला काटा उभा करून ठेवतं आणि मागचं त्यावर बरोबर चढतं. खड्ड्यात हवा कमी असेल तर ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटते आणि नाग डसल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. हा प्रकारही मागेच जास्त.

ग्रॅमचा हिशेब करूच. अठ्ठावीस मिलिमीटरच्या टायरची साधी ब्यूटाइल ट्यूब साधारण १०० ते १२० ग्रॅमची. लाइटवेट ब्यूटाइल ७०-८०. टीपीयू, म्हणजे ती पारदर्शक प्लास्टिकसारखी दिसणारी, ३०-४० ग्रॅम. समजा ७५ ग्रॅम वाचवले. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो. याच जिल्ह्यातल्या तोरणमाळसारख्या घाटात तासभर चढलात, तर फायदा जेमतेम साडेतीन सेकंदांचा! बाटलीतला एक घोट आधी प्यायलात तरी काम झालं. टीपीयू आणि लेटेक्समध्ये चाक थोडं मोकळं फिरतं, हे मात्र खरं. रेस असेल तर जरूर घाला. पण लेटेक्सची हवा रातोरात उतरते, रोज सकाळी पंप हवा. टीपीयूला नेहमीचं सोल्युशन धरत नाही, तिचे पॅच वेगळे. आणि उतारावर रिम ब्रेक तापतात म्हणून काही कंपन्या तशा सायकलला टीपीयू घालूच नका म्हणतात.

खरी गंमत पंक्चरवाल्याकडे. गावाकडे बाइक म्हणजे मोटरसायकल, आणि दुकानातला कॉम्प्रेसरही तिच्याच व्हॉल्व्हचा. तुमच्या चाकात असतो बारीक, नाजूक प्रेस्टा. घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे शोधून, कानशीनं घासून, जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवून कारागीर भोक झकास बुजवतो. फक्त ट्यूब ब्यूटाइलची हवी. मग हवा भरायची वेळ येते आणि नळीचं तोंड बसतच नाही! यावर इलाज म्हणजे नखाएवढं पितळी अडॅप्टर. प्रेस्टावर फिरवून बसवलं की मोटरसायकलची नळी चालते. मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची ट्यूबच घेऊ म्हणाल, तर रिमचं भोक तेवढं मोठं आहे का, ते आधी बघा. प्रेस्टाच्या रिममध्ये ती शिरत नाही.

तर माझं मत विचाराल तर मागे साधी, जाड ब्यूटाइल. हौस फारच असेल तर हलकी पुढे घाला. टीपीयूची एक घडी करून स्पेअर म्हणून खिशात ठेवा, मुठीत मावते. तिथे तिचा हलकेपणा खरंच कामाचा. जाड ट्यूब घातली म्हणून काटा थांबत नाही हं! टायर भेदून आत आलेला सराटा तिलाही सोडत नाही. थांबवायचं काम टायरचं, त्यामुळे वाचलेले पैसे पंक्चर-रोधक पट्टा असलेल्या मागच्या टायरवर घाला. तो थोडा जड असतो, असू दे.

आणि नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवा. सराट्याचं टोक तिथेच अडकलेलं असतं, दिसत नाही. बोटाला टोचलं की चिमट्यानं काढा, मगच हवा भरा.