केसाएवढे अंतर

दसऱ्याला आमच्या गावात सगळी वाहने धुतली जातात. ट्रॅक्टर, मळणीयंत्रे, मोटारसायकली, अगदी पोरांच्या सायकलींनासुद्धा झेंडूच्या माळा पडतात आणि संध्याकाळी मंडळी सोने वाटायला निघतात. मीही माझी गाडी धुतो, तिला माळ घालतो. पण तिची खरी पूजा मी दसऱ्यानंतरच्या रविवारी पहाटे करतो. अंगणात पोते अंथरतो, पान्हे ओळीने मांडतो आणि टॅपेट तपासायला बसतो.

या माझ्या उद्योगाचे घरात फारसे कौतुक नाही. "अवो, कोपऱ्यावरचा मिस्त्री दहा मिनिटांत करून देते. तुमचा सारा रविवार जाते," असे पत्नी दरवर्षी म्हणते. तिचे म्हणणे खरे आहे. व्यवहाराच्या गोष्टीत तिचे म्हणणे हटकून खरे असते. मी कादंबऱ्या लिहितो. पण हे एक काम मी दुसऱ्याच्या हाती देत नाही. त्यामागे एक फजिती आहे आणि त्या फजितीमागे आणखी एक गोष्ट आहे. ती सांगावी की नाही, हे लिहायला बसलो तेव्हासुद्धा ठरले नव्हते.

माझी गाडी म्हणजे शंभर सीसीची जुनी स्प्लेंडर. हिरो होंडा कंपनी १९८४ साली निघाली, १९८५ मध्ये तिची सीडी हंड्रेड रस्त्यावर आली आणि १९९४ मध्ये ही स्प्लेंडर. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची जाहिरात त्या काळी फार गाजली होती. विसरून जाण्याचे ते आश्वासन आम्हा खेड्यातल्या माणसांना भारीच मानवले. पुढे दोघे भागीदार वेगळे झाले, कंपनीचे नाव बदलले. आम्ही मात्र अजून विसरूनच गाडी चालवतो. मीही चालवत होतो. एके दिवशी ती टकटक करू लागली.

ज्यांनी इंजिनाचे पोट उघडलेले पाहिले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंजिनाच्या डोक्यात दोन झडपा असतात. एकीतून पेट्रोल मिसळलेली हवा आत येते, दुसरीतून जळालेला धूर बाहेर जातो. गाडी भरात धावत असली की यातली प्रत्येक झडप मिनिटाला दोन-अडीच हजार वेळा उघडते आणि मिटते. तिला उघडण्यासाठी रॉकर नावाचा एक छोटा लोखंडी दांडा तिच्या डोक्यावर टिचकी मारतो. हा रॉकर आणि ती झडप यांच्यामध्ये, झडप मिटलेली असताना, किंचित फट ठेवावी लागते. किंचित म्हणजे किती? माझ्या गाडीला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. डोक्यावरच्या केसाची जाडी धरा ना! दाढीचे पाते साधारण त्या दहाव्या हिश्शाएवढे जाड असते. ते या फटीत सहज शिरले, तर फट जास्त झाली असे खुशाल समजावे.

ही फट कशासाठी, हे मला खरे तर माहीत असायला हवे होते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण 'उष्णतेने धातू प्रसरण पावतो' या वाक्यावर मी त्या परीक्षेत गुण मिळवले आहेत. गोळा आणि कडी यांचा प्रयोग मी वर्गात किती वेळा दाखवला असेल! थंड गोळा कडीतून जातो, तापवला की अडतो. लहानपणी गोंदियाहून बालाघाटकडे जाणाऱ्या नॅरोगेजच्या छोट्या गाडीत बसलो असताना वडिलांनी रुळांच्या सांध्यांतल्या फटी दाखवल्या होत्या. "उन्हाळ्यात लोखंड वाढते, त्याला जागा नको का?" असे ते म्हणाले होते. चाके त्या फटींवरून गेली की खडक्‌ खडक्‌ असा ठेका धरत. मला तो ठेका फार आवडे.

पण पुस्तकातले ज्ञान अंगणात यायला वेळ लागतो. गाडी टकटक करू लागली तेव्हा मला ना गोळा आठवला ना रूळ. मला फक्त आवाज नको होता. शाळेतून आल्या आल्या, इंजिन तापलेले असतानाच, मी झाकणे उघडली आणि आवाज पुरता बंद होईपर्यंत स्क्रू आवळले. गाडी गप्प झाली. शिवणयंत्रासारखी चालते आहे, असे मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. पुढचा महिनाभर मी त्या शांततेवर खूश होतो. सकाळी किक जरा जास्त माराव्या लागत, चढावर दम कमी पडे, सायलेन्सरमधून मधूनच फट्‌ असा बार निघे. पण टकटक नव्हती ना!

एके संध्याकाळी देवरीहून परतताना जंगलाच्या पट्ट्यात गाडीने मान टाकली. किक मारून पाय सुजला. अंधार पडला, वाघ-अस्वलांच्या सगळ्या गोष्टी आठवल्या आणि शेवटी धानाची पोती नेणाऱ्या एका टेम्पोवाल्याने गाडीसकट मला कोहमाऱ्यापर्यंत आणले. तिथल्या टिनाच्या दुकानातला मिस्त्री मला पाहून उठला आणि हात पुसून पाया पडला. माझाच जुना विद्यार्थी! वर्गात बडबड करतो म्हणून आठवड्यातून दोनदा तरी मी ज्याला व्हरांड्यात उभा करीत असे, तोच.

दुसऱ्या दिवशी त्याने इंजिनाचे डोके उतरवले आणि धुराची झडप माझ्या तळहातावर ठेवली. तिची कड एका जागी उंदराने कुरतडल्यासारखी खाल्ली गेली होती.

"गुर्जी, हे टॅपेट कोनं कसले?"

"मीच."

"काऊन जी?"

"आवाज येत होता."

तो हसला, पण माझी थट्टा म्हणून नव्हे. एखादा शिक्षक चुकलेल्या मुलाला सांगतो तसे त्याने मला सांगितले. ही झडप सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापते. तापली की लांब होते. मागे फट असली तर ती लांब होऊनही पुरती मिटते आणि मिटलेल्या क्षणात आपली बरीचशी आग बैठकीला देऊन थंड होते. फटच नसेल तर रॉकर तिला मिटू देत नाही. केसभर उघड्या राहिलेल्या त्या जागेतून ज्वाळा निसटतात आणि तिला जाळतात.

"आवाज येनारा टॅपेट बरा, गुर्जी," तो म्हणाला. "गाडी सांगते तरी, का मी ढिली झाली म्हनून. गप्प बसलेला टॅपेट काई सांगत नाई. थेट जळूनच जाते."

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. स्क्रू कोणी आवळला नाही तरी झडपेची बैठक झिजत जाते, झडप हळूहळू वर सरकते आणि फट आपोआप मिटत येते. तेव्हा कसलाही आवाज होत नाही. उलट असलेला आवाज कमी होतो, आणि मालकाला वाटते, गाडी सुधारली.

त्या रात्री घरी आलो, पण झोप लागेना. मला आठवीतली एक मुलगी आठवत होती.

खिडकीजवळ बसायची. वर्षभरात तिने एकदाही माझ्या वर्गात गडबड केली नाही. तिच्या प्रगतिपुस्तकावर मी 'शांत व शिस्तप्रिय' असा शेरा लिहिला होता आणि बडबड्या मुलांना तिचे उदाहरण देत होतो. आमच्या झाडीपट्टीत धान निघाले की हाताला काम राहत नाही. मग कित्येक कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्या वर्षी संक्रांतीच्या आधी ती मुलगी माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "गुर्जी, परीक्षा कवा हाये?" वेळापत्रक फळ्याशेजारी लावले होते. मी मान वर न करता बोटाने तिकडे दाखवले. ती थोडा वेळ उभी राहिली आणि जागेवर जाऊन बसली.

संक्रांतीनंतर खिडकीजवळची जागा रिकामी झाली. ती रिकामी आहे हे माझ्या ध्यानात यायलाही बरेच दिवस गेले. बडबड्या मुलगा एक दिवस नसला तरी वर्ग ओकाबोका वाटतो, गप्प मुलीचे तसे नसते. मग हजेरीत तिच्या नावापुढे फुल्या पडत गेल्या. ती परत आली नाही. परीक्षा केव्हा आहे हे तिला तारखेसाठी विचारायचे नव्हते, इतके साधे मला त्या जळक्या झडपेने शिकवावे लागले. मी कादंबऱ्या लिहितो, माणसांच्या मनातले ओळखतो असे लोक म्हणतात! तिने सबंध वर्षात एकदाच टकटक केली होती आणि ती मी ऐकली नव्हती.

म्हणून हा रविवार. गाडी रात्रभर थंड झालेली असते. तापल्या इंजिनावर हे काम होत नाही, हा पहिला धडा. डाव्या अंगाची दोन गोल झाकणे काढायची. आतल्या चाकाचा नट पान्ह्याने हळूहळू फिरवत चाकावरची 'टी'ची खूण खाचेसमोर आणायची. पण एवढ्याने भागत नाही. चार ठोक्यांच्या इंजिनात ही खूण दोनदा समोर येते आणि त्यांतली एकच वेळ खरी. दोन्ही रॉकर बोटाने हलवून पाहायचे. किंचित खुळखुळले तर ठीक, नाहीतर चाकाला आणखी एक पूर्ण फेरा. मग फिलरची पातळ पट्टी फटीत सरकवायची. ती अगदी मोकळी जाऊ नये आणि अडूही नये. मिटल्या वहीतून कागद ओढताना हाताला लागतो तेवढा अटकाव लागला पाहिजे. मग चौकोनी स्क्रू जागच्या जागी धरून चेकनट आवळायचा. तो आवळताना स्क्रू हटकून थोडा फिरतो आणि साधलेले बिघडते. पुन्हा सैल, पुन्हा पट्टी, पुन्हा आवळ. खालच्या झाकणातून ऑइल ओघळून कोपरापर्यंत येते. दहा मिनिटांच्या कामाला मला दीड तास लागतो, आणि तो मला कमी वाटतो.

आणि म्हणूनच, दिवाळीच्या सुट्टीआधी आता मी आणखी एक काम करतो. वर्गातल्या गप्प मुलांना एकेकाला व्हरांड्यात बोलावतो. पूर्वी तिथे बडबडी मुले उभी असत. मिरचीचा हंगाम पुढे असतो, पण आमच्या गावातले बेत दिवाळीतच ठरतात. विचारायचे ते तेव्हाच विचारले पाहिजे. "यंदा घरचे कुठे जाणार आहेत का रे?" बहुतेक जण म्हणतात, "कोठीच नाई जी." परवा मात्र एक मुलगा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "मिर्चीले." संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. आईबाप जाणारच आहेत. त्यांना जाऊ नका म्हणण्याचा मला काय अधिकार! पण नातवाला ठेवून घ्यायला आजी तयार आहे. जेवणाचे आणि वह्यांचे काय करायचे ते आम्ही बोललो आहोत. तो खरेच राहतो की नाही, ते संक्रांतीनंतर कळेल.

आज सकाळी झाकणे लावली, हात राखेने घासले आणि किक मारली. गाडी पहिल्याच किकेला सुरू झाली. कान देऊन ऐकले. बारीक, एकसारखी टिकटिक येत होती.

स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली, "अवो, आवाज तर येऊनच राहिला ना अजून!"

"येऊ दे," मी म्हणालो.