केवढ्याला देतेस?

मराठी शिकवण्याचे काम वीसेक वर्षे केले की माणसाला एक खोड जडते. समोरचा काय सांगतो आहे यापेक्षा तो कोणता शब्द वापरतो आहे, तिकडेच कान जातात. आता 'भाव' हाच शब्द घ्या. देवापुढे हात जोडताना भाव लागतो, गाणे म्हणताना भाव लागतो, आणि मंडईत कोथिंबिरीची जुडी उचलतानाही भावच विचारावा लागतो. एकाच शब्दात देव, गाणे आणि कोथिंबीर यांची सोय लावणारी आपली भाषा मोठी काटकसरी खरी! पण हे सगळे अर्थ एकाच बाईच्या हातात एकाच वेळी येऊन पडले म्हणजे तिची किती ओढाताण होते, हे मला शब्दकोशाने शिकवले नाही. माझ्या धाकट्या जावेने शिकवले.

आम्ही डोंबिवलीला एकाच इमारतीत राहतो. मी वरच्या मजल्यावर, ती खालच्या. तिच्या हाताला चव आहे असे म्हणणे म्हणजे समुद्राला पाणी आहे असे म्हणण्यासारखे आहे. विशेषतः अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत फडक्यावर पसरायचे, ओलसर असतानाच दळायचे, गूळ घालून गोळा मुरत ठेवायचा, आणि एवढे करूनही तुपात सोडताच अनारसा 'हसला' की सगळे फुकट! स्वयंपाकघरात हसणे ही आपत्ती ठरावी असा हा एकच पदार्थ असेल. माझे अनारसे नेहमी प्रसन्न असतात. तिचे मात्र कधी हसत नाहीत.

तेव्हा शेजारणींनी 'आमच्यासाठी पण कर ना थोडे' असे म्हणायला सुरुवात केली, आणि काही वर्षांपूर्वी तिने दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायचे ठरवले. दरपत्रक सुवाच्य अक्षरात लिहून देण्याचे काम ओघानेच मराठीच्या प्राध्यापिकेकडे आले. मी कागद घेऊन बसले. चकली लिहिली, चिवडा लिहिला, करंजी लिहिली. पुढचा रकाना भरायची वेळ आली तेव्हा ती पदराशी चाळा करू लागली.

"वहिनी, किती लिहायचे? लोकांना जास्त नको वाटायला. घरचंच तर आहे."

'घरचंच तर आहे' हे वाक्य पुढे मी फार वेळा ऐकले. गंमत अशी, की निम्म्या वेळा ते गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकले. दुकानात पाकिटावर छापलेली किंमत निमूटपणे देणारी सुशिक्षित मंडळी तिच्या दारात आली की म्हणत, "अहो, एवढे कसले? तुम्ही काय, घरीच तर करता!" जणू घरातली चूल लाकडावाचून पेटते आणि घरातल्या बाईचे मनगट दुखत नाही.

त्या पहिल्या वर्षी बावीस घरांच्या ऑर्डरी झाल्या. अठरा दिवस ती पहाटे साडेचारला उठली. भाऊबीज झाल्यावर आम्ही दोघी हिशेबाला बसलो. वाण्याचे बिल, गॅस, पिशव्या, डबे हे सगळे वजा करून हातात उरले १८५० रुपये. म्हणजे दिवसाला शंभराच्या थोडे वर. माझे दीर मनाने चांगले आहेत, बायकोच्या कौतुकात कधी कमी पडत नाहीत. ते म्हणाले, "चला, हौस झाली ना? पुढच्या वर्षी घरच्यापुरतंच कर. उगाच जिवाला त्रास." त्यांच्या बोलण्यात काळजीच होती. पण 'हौस' हा शब्द ऐकताच तिचा चेहरा उतरला तो मी पाहिला. वही मिटून तिने कपाटात वरच्या फळीवर टाकली, सोऱ्या पुसून माळ्यावर गेला, आणि हे प्रकरण इथेच संपले असे आम्ही सगळे समजून चाललो.

ते पुन्हा सुरू झाले पिठाच्या गिरणीत. उन्हाळ्यात ती थालीपिठाची भाजणी दळायला घेऊन गेली होती. रांगेत पुढे एक वयस्क बाई उभ्या होत्या. स्टेशनच्या बाजूला त्यांचे पोळी-भाजी केंद्र आहे. संध्याकाळच्या लोकल डोंबिवलीला रिकाम्या होऊ लागल्या की त्यांच्या दारापुढे नोकरदार बायकांची रांग लागते, आणि त्या रांगेत मीही अनेकदा उभी राहिलेली आहे. सगळा परिसर त्यांना काकू म्हणतो. काकूंनी जावेच्या डब्यातली चिमूटभर भाजणी बोटांत चोळली, वास घेतला आणि विचारले, "फराळाचं करतेस ना तू? चकली केवढ्याला देतेस?"

जावेने आकडा जवळजवळ कानात सांगितला.

काकू गिरणीच्या आवाजावर हसल्या. "म्हणजे गिऱ्हाइकाला फराळ, आणि वर दक्षिणा पण!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला वही घेऊन बोलावले. मी कुतूहलाने मागोमाग गेले. काकूंचे शिकवणे आमच्या कॉलेजातल्या शिकवण्यापेक्षा कितीतरी नेमके होते. तळण्याआधी तेलाचा डबा तोलायचा आणि तळून झाल्यावर पुन्हा तोलायचा; जो फरक येईल तो चकलीने प्यायलेला. मोडलेल्या चकल्या घरातली मुले खातात म्हणून त्या हिशेबातून सुटत नाहीत, त्याही लिहायच्या. दळण, रिक्षा, सुतळी सगळे लिहायचे. मग त्यांनी विचारले, "आणि तुझे किती लिहिलेस?"

"माझे?" जाऊ गोंधळली.

"मदतीला बाई लावली असतीस तर तिला दिवसाचं काय दिलं असतंस? तेवढं आधी स्वतःला लिही. मग उरेल तो फायदा. हे लिहीत नाहीस तोवर तुझा धंदा नाही, तुझं दान चाललंय."

कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी नवख्या मुलींना स्वयंपाकाचा धीर आला. पण करणारीच्या वेळाचे माप कोणत्या पाककृतीत असते? आपल्याकडे लग्नात मुलगी गौरीहरापुढे अन्नपूर्णेची पूजा करते, तीच मूर्ती घेऊन सासरी येते. अन्नपूर्णेला कुणी भाव विचारत नाही, आणि तिने तो सांगावा अशी अपेक्षाही नसते.

काकूंना हे सारे आले कुठून, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, सासूकडून. सासूबाई लालबागला खानावळ चालवीत. ज्यांना गिरणगावातल्या खानावळी ठाऊक आहेत त्यांना सांगायला नको. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणीकामगार बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत दाटीने राहत, आणि आसपासच्या बायका महिन्याच्या बोलीवर त्यांना जेवू घालीत. धान्य वाण्याकडून उधारीवर आणायचे, कामगाराचा पगार झाला की पैसे मिळायचे, आणि मध्ये सावकाराचे व्याज वाढत जायचे. एवढ्या माणसांना जेवण घालणाऱ्या या बायकांना १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही आपण होऊन कुणी दारात उभे केले नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बँकेचा रस्ता दाखवला. गहाण टाकायला दागिना नव्हता. तेव्हा बायकांचे गट झाले आणि एकीने दुसरीची हमी घेतली. म्हणजे शेजारणीची पतच तारण ठरली. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला. जेवणारे कित्येक जण गावी परतले, उधाऱ्या बुडाल्या. काकूंच्या सासूबाईंनी त्या काळात काय काय विकले ते काकूंनी सांगितले नाही. एवढेच म्हणाल्या, "वही मात्र ठेवली होती त्यांनी. कुणाकडे किती, सगळं होतं त्यात."

मी मग धीर करून मनातला खरा प्रश्न विचारला. जाऊ म्हणजे त्यांची उद्याची स्पर्धक. तिला हे गुपित का द्यायचे?

काकूंनी क्षणाचाही विचार केला नाही. "तू स्वस्त विकलंस की माझं महाग दिसतं."

हे उत्तर मला फार आवडले. दर ८ मार्चला आमच्या कॉलेजात महिला दिनाचा कार्यक्रम होतो. एखाद्या यशस्वी उद्योजिकेला बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, त्या प्रेरणादायी भाषण करतात आणि मुली टाळ्या वाजवतात. त्यात वाईट काहीच नाही. पण 'प्रेरणा' या शब्दाच्या मुळाशी जो संस्कृत धातू आहे त्याचा अर्थ हलवणे, पुढे ढकलणे असा आहे, आणि व्यासपीठावरून कुणाला ढकलता येत नाही. त्याला गिरणीच्या रांगेत मागेपुढे उभे असावे लागते. आणि ढकलणाऱ्याचा त्यात थोडा स्वार्थ असेल तर तो धक्का जास्त खरा असतो, असे माझे मत झाले आहे. निव्वळ मायेने केलेला उपदेश दोन दिवस टिकतो.

गिरगावातल्या त्या सात जणींचेच पाहा. १५ मार्च १९५९ रोजी इमारतीच्या गच्चीवर त्या पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशीचा माल चार पाकिटे. त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. त्या संस्थेतल्या बायका एकमेकींना बहीण म्हणतात हे सर्वांना ठाऊक असते. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. सकाळी मळलेले पीठ तोलून न्यायचे, घरी लाटायचे, वाळलेले पापड आणून पुन्हा तोलून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तर सगळ्यांचा. बहीणही म्हणायचे आणि तराजूही ठेवायचा. आपल्याकडे सख्ख्या भावाभावांना जे साधत नाही ते या बायकांनी साधले. २०२१ साली त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा स्थापनेला साठांहून अधिक वर्षे झाली होती.

काकूंनी जावेला आणखी एक गोष्ट शिकवली, तिचे मला भाषेच्या अंगाने मोठे अप्रूप वाटते. "भाव सांगितलास की पुढचं वाक्य बोलायचं नाही." तेल महागलंय हो, तूप घरचं आहे हो, असे काही नाही. आकडा सांगायचा आणि गिऱ्हाइकाकडे बघायचे. जावेने हे माझ्यावर पाठ करून पाहिले. मी गिऱ्हाईक झाले. पहिल्या तीन खेपांना ती आकड्यानंतर 'पण तुम्हाला कमी करीन' असे म्हणून मोकळी झाली. चौथ्या खेपेला ओठ घट्ट मिटून उभी राहिली, आणि दोघींनाही हसू आले.

त्या दिवाळीला नवे दरपत्रक मीच लिहिले. बावीसपैकी सात घरांनी नाके मुरडली. त्यांतली एक तर आमच्याच नात्यातली. तिने भाऊबिजेला माझ्याशीही जरा तुटकच बोलून घेतले. पण काकूंच्या हाताला अनारसे मानवत नाहीत, त्यांच्याकडच्या अनारशांच्या मागण्या जावेकडे आल्या. जावेकडे कुणी रोजच्या पोळ्या मागितल्या तर ती त्यांना काकूंचा पत्ता देते. दोघींच्या वह्यांत हे येणे-जाणे कुठेच लिहिलेले नाही, ही गंमत मी मुद्दाम तपासली. दिरांनी 'हौस' हा शब्द टाकला आहे. हल्ली ते ऑफिसातून येताना "माल आला का?" असे विचारतात आणि गूळ स्वतः उतरवून घेतात.

यंदा भाद्रपदात मी खाली गेले होते. जाऊ एका हाताने नारळ खवत होती आणि मोबाईल खांद्याने कानाशी धरून बोलत होती. पलीकडे कुणी तरुण मुलगी असावी. गणपतीला उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घ्याव्या म्हणते, पण भाव काय ठेवावा ते कळत नाही, अशी तिची अडचण. आमच्या आळीतलीच निघाली. जावेने सगळे ऐकून घेतले, खवणी बाजूला सरकवली आणि विचारले, "नारळ किती लागले ते लिहिलंस का? बरं. आणि तुझे किती लिहिलेस?"