रात्रभर उभी

भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर म्हणजे आयुध निर्माणीची वसाहत. पाळ्या, फाटकं, ओळखपत्रं. पण भाऊबीज झाली की आसपासच्या गावांत मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतात. हलकं धान कापून झालेलं, लेकी माहेरी आलेल्या, आणि रात्री चौकात खडी गंमत, आमचं लोकनाट्य, हजर.

हिला बसणं ठाऊकच नाही. शाहीर उभा, ढोलक्या उभा, डफ, तुणतुणं, टाळवाले, मागचे झिलकरी सगळे उभे. पुढे लुगडं नेसलेला नाच्या. शाहिराचा दम संपत आला की झील शेवटचा शब्द उचलते आणि वर ओढून नेते. तेवढ्यात तो श्वास घेऊन मोकळा. ढोलक्याची नजर मात्र नाच्याच्या पायावरून हलत नाही. पाय रेंगाळला तर थाप रेंगाळते, घुंगरू झटकलं की तीही झटकते.

चायकोव्हस्कीच्या १८९२ सालच्या ‘नटक्रॅकर’ बॅलेत हिमकणांच्या नाचाला गायकवृंद आहे, शब्दांवाचून नुसते स्वर आळवणारा. तो बहुधा प्रेक्षकांना दिसतही नाही, आणि खर्च झेपला नाही तर त्याच्या जागी ध्वनिमुद्रण वाजवतात. आमच्या झिलकऱ्यांना पडद्याआड उभं करून दाखवा बरं!

स्वभावाने गंमत तोंडाळ. आधी गण गाईल, देवाला हात जोडेल, मग दारू, हुंडा, गावपुढारी, कुणालाच सोडणार नाही. आणि नाजूकही तितकीच: मध्यरात्री दव पडलं की डफ सैल पडतो, आवाज बसतो. मग कुणीतरी तणसाचा जाळ करतं, डफ त्यावर फिरवून शेकतं, बोटाने टिचकी मारून कान देतं. तोवर नाच्या चार चावट वाक्यांवर वेळ मारून नेतो.

हल्ली मंडईत ‘डान्स हंगामा’ येतो. दिवे जास्त, गर्दीही जास्त, हे कबूल. पण पेनड्राइव्ह नाच्यासाठी थांबत नाही; पाय चुकला तरी गाणं पुढे निघून जातं. मला तो नाच आंधळा वाटतो.

गंमतीत कुणी दहाची नोट पुढे केली की नाच थांबतो. शाहीर देणाऱ्याचं नाव चालीत बसवतो, झील ते घोळवते. नाव चुकलं की दाता गर्दीतून उठून ओरडतो, “बापाचं नाव राहिलं ना!” मग बापासकट सगळं पुन्हा पहिल्यापासून.